पेट्रोलचा वास येतोय...

रविवारची सकाळ म्हटली की आमच्या घरात दोन वास ठरलेले. एक स्वयंपाकघरातून येणारा पोह्यांच्या फोडणीचा आणि दुसरा बाबांच्या जुन्या सदऱ्याला येणारा पेट्रोलचा. पोहे होईपर्यंत बाबा खाली जाऊन गाडीचं बॉनेट उघडत, तेल-पाणी बघत, दहा मिनिटं इंजिन चालवत आणि वर येऊन हात धुता धुता आईला सांगत, "झाली हो तिची पूजा!" गेली चव्वेचाळीस वर्षं हा नेम सुरू आहे. त्यामुळे पेट्रोलच्या वासात काही धोका असतो, असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलंच नाही. ते वाटलं गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी, आणि तेही आम्हाला नाही, तळमजल्यावरच्या वहिनींना. सकाळी सातला त्यांनी बेल वाजवली. "अहो, तुमच्या गाडीखाली बघा जरा. पेट्रोलचा वास येतोय, आणि माझ्या खिडकीत देवापुढं निरांजन तेवतंय."

मी धावत खाली गेलो. गाडीखाली ताटाएवढा ओला डाग होता. बॉनेट उघडलं तर कार्बुरेटरच्या अंगावरून पेट्रोलचे ओघळ आलेले. आदल्या दिवशी गाडी चालवली होती बाबांनी. माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते असं : "बाबांनी चोक ओढलेलाच ठेवला असणार."

या एका वाक्यापायी पुढचे दोन महिने काय घडलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी गाडीविषयी. आमची गाडी १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबा पाटबंधारे खात्यात होते. त्या काळी गाडी म्हणजे शोरूममध्ये जाऊन आणायची वस्तू नव्हती. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. गाड्या दोनच, ॲम्बॅसॅडर आणि फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट तयार होई. १९६४ साली ती 'अकराशे डिलाइट' होती, सत्तरीच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' झाली आणि मग चितोडच्या राणीचं नाव घेऊन 'पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. नाव बदललं तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. आमच्या घरात तर अजूनही 'फियाट काढू का?' असंच विचारतात.

मुंबईकरांना ती काळ्या-पिवळ्या रंगात जास्त ठाऊक. नवी पद्मिनी टॅक्सी म्हणून शेवटची नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, ताडदेवच्या आरटीओत. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रातली बातमी बाबांनी कात्रीनं कापून गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवली. एखाद्या मित्राच्या निधनाची बातमी ठेवावी, तशी.

आता तो बिघाड. ज्यांच्या घरी आजची गाडी आहे त्यांनी कार्बुरेटर कदाचित पाहिलाही नसेल. हल्ली संगणक मोजून पेट्रोलचा फवारा सोडतो. जुन्या गाडीत हे काम पितळ-ॲल्युमिनियमचं एक डबडं करतं, आणि ते कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकीत एक गोळा तरंगत असतो. पाणी वर आलं की गोळा वर येतो, त्याची दांडी कॉक बंद करते आणि पाणी थांबतं. कार्बुरेटरमध्ये चहाच्या कपाएवढी अशीच एक टाकी असते. तिच्यात एक पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोल ठरलेल्या पातळीवर आलं की फ्लोट एका लहानशा सुईला वर ढकलतो, ती सुई आपल्या बैठकीत जाऊन बसते आणि येणारं पेट्रोल थांबतं. पुढे इंजिन हवा ओढून घेतं. ती हवा अरुंद गळ्यातून जोरात जाताना तिथला दाब कमी होतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल आपोआप ओढलं जाऊन हवेत मिसळतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. हा हिशेब टिकतो तो त्या कपातली पातळी टिकते म्हणून. पातळी वर गेली की जेटमधून नको तेव्हा, नको तितकं पेट्रोल सांडू लागतं. मिस्त्री लोक म्हणतात, 'कार्बुरेटर ओव्हर होतोय.' गच्चीवरची टाकी ओव्हर झाली तर जिना ओला होतो. ही टाकी ओव्हर झाली तर गाडी पेटू शकते.

आणि सगळी लक्षणं समोर होती. सेल्फ मारमारूनही गाडी लवकर चालू होत नव्हती. झालीच तर मागून काळा धूर. प्लग काढले तर चारही काजळीनं काळे आणि ओले. सर्वांत वाईट म्हणजे इंजिन ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल खुणेच्या वर गेलेलं, आणि बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, पेट्रोलचा वास मारणारं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धूत खाली ऑइलमध्ये उतरत होतं. ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नये. असं ऑइल इंजिनाला वंगण देत नाही, ते झिजवतं.

मी काय केलं? जे बहुतेक लोक करतात तेच. आधी माणसाला दोष दिला, मग वस्तूला.

माणूस म्हणजे बाबा. वय शहाऐंशी. अलीकडे चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, एकच गोष्ट दोनदा सांगतात. चोक म्हणजे थंड इंजिनाला सकाळी थोडं जास्त पेट्रोल देणारी खुंटी. ती ओढलेली राहिली तर गाडी पेट्रोल पीत सुटते, हे खरं. बाबा म्हणाले, "अरे, मी आत ढकलला होता. मला आठवतंय." मी सौ.कडे पाहिलं, सौ.नं आईकडे, आणि कुणी काही बोललं नाही. त्या गप्प बसण्याचा अर्थ बाबांना समजला असणार. दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या खुंटीवरून गाडीची किल्ली काढून मी माझ्या कपाटात ठेवली. वय झालं, आग लागली तर काय, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. बाबांनी किल्ली मागितली नाही. पुढच्या रविवारी ते खाली गेले नाहीत. पोहे खाऊन पेपर वाचत बसले.

मग वस्तूची पाळी. एका गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली. तिथल्या तरुण मुलानं चोकची वायर पाहिली, ती नीट सरकत होती. खरं तर तिथेच मला थांबून विचार करायला हवा होता. पण दोष दिलेला माणूस निर्दोष ठरतोय हे पाहायला आपण थांबत नाही. मुलानं कार्बुरेटर उघडला, सुई आणि तिची बैठक नवी बसवली, सगळ्या जेटमधून कॉम्प्रेसरची हवा मारली, कचरा निघाला असं सांगितलं आणि पैसे घेतले. आठव्या दिवशी गाडीखाली पुन्हा डाग.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं फ्लोट काढून कानाशी हलवून पाहिला. आत पेट्रोल वाजलं नाही. तरीही "कार्बुरेटरच गेलाय, नवा टाका" असं म्हणून त्यानं नवा बसवला. तो नवा कार्बुरेटर चार दिवस चालला आणि पाचव्या दिवशी त्यातूनही पेट्रोल गळू लागलं. आता माझ्याकडे दोन कार्बुरेटर होते, खिसा हलका झाला होता आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं होतं : पंधरा दिवसांत गाडीची व्यवस्था करावी, अन्यथा पार्किंगमध्ये उभी करू नये. पत्रात चूक काहीच नव्हतं. खाली मुलं खेळतात. भंगारवाला येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून वजनाचा भाव सांगून गेला. आई म्हणाली, "द्या आता. किती दिवस सांभाळणार?" बाबा काहीच म्हणाले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

चाचांची गाठ पडली ती नाना पेठेत. मी कार्बुरेटरची पॅकिंग शोधत एका स्पेअरपार्टच्या दुकानात उभा होतो. शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ, पांढरी दाढी, हातात औषधांची पिशवी. माझ्या हातातला सोलेक्स कार्बुरेटर पाहून त्यांचे डोळे चमकले. मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईत चाळीस वर्षं टॅक्सी दुरुस्त केल्या आणि आता मुलाकडे कोंढव्याला राहतात. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "साहेब, कार्बुरेटरचं सोडा. हे सुरू व्हायच्या आधी गाडीत काय बदललं होतं?"

मी म्हणालो, "काही नाही."

"काही तरी असणार. चांगली गाडी रातोरात वेडी होत नाही. घरी बघा, आठवा. रविवारी येतो मी."

रविवारी चाचा आले. बॉनेटला हात लावण्याआधी त्यांनी तीन गोष्टी केल्या. बॅटरीची वायर काढली. गाडी पार्किंगमधून बाहेर, मोकळ्या हवेत ढकलायला लावली. आणि विचारलं, आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे? सोसायटीचा पावडरचा सिलिंडर आणून जवळ ठेवला तेव्हाच त्यांनी बाह्या सरसावल्या. "पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही," खाली जमलेल्या मुलांना ते सांगत होते, "पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पळतं."

मग पुन्हा तोच प्रश्न : आधी काय बदललं? मी पुन्हा म्हणालो, काही नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "ऑक्टोबरात एसी पंप बदलला." बाबा जिना उतरून आले होते. हातात त्यांची डायरी.

ही डायरी म्हणजे आमच्या घरातला चेष्टेचा विषय. १९८१पासून बाबांनी गाडीत भरलेल्या प्रत्येक लिटरची नोंद ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, खर्च. खात्यात धरणाच्या पातळीच्या नोंदी ठेवायची सवय, ती घरी आली. चाचांनी डायरी मांडीवर घेतली आणि बोट फिरवत गेले. सप्टेंबरपर्यंत लिटरला बारा-तेरा किलोमीटर. ऑक्टोबरमध्ये एक ओळ : 'एसी पंप नवीन.' त्यानंतर अकरा. मग दहा. फेब्रुवारीत नऊ. सारं शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. सहा महिने ती डायरी टीव्हीखालच्या खणात होती, आणि आम्ही दोन कार्बुरेटर उघडून पाहिले. खण उघडून पाहिला नाही.

एसी पंप म्हणजे मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बुरेटरपर्यंत आणणारा यांत्रिक पंप. इंजिन फिरताना आतल्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाची दांडी ढकलतो, दांडी पंपातला पडदा ओढते, पडद्याखालची स्प्रिंग दाबली जाते आणि तीच स्प्रिंग पुढे पेट्रोल रेटते. दिवाळीत कोकणात जायचं म्हणून तो बदलावा, हे मीच ठरवलं होतं. जुना पंप अशक्त झाला होता. नवा बसवून घेतला आणि विसरूनही गेलो.

चाचांनी पंपाकडून येणारी नळी काढून तिचं तोंड बंद केलं. एका लहान बाटलीत पावभर पेट्रोल घेतलं, बाटली बॉनेटच्या दांड्याला बांधून कार्बुरेटरपेक्षा थोडी वर टांगली आणि तिची नळी कार्बुरेटरला जोडली. आता पंपाचा संबंध नाही. पेट्रोल येणार ते फक्त आपल्या वजनानं. सगळे सांधे कोरडे असल्याची खात्री करून त्यांनी बॅटरी जोडली आणि सेल्फ मारायला सांगितलं. गाडी दुसऱ्या झटक्यात चालू झाली. काही मिनिटं इंजिन संथ, एका लयीत चाललं. कार्बुरेटर बाहेरून खडखडीत कोरडा.

"बघा," चाचा म्हणाले, "याची काही चूक नाही. तुम्ही गरिबाला दोनदा फासावर चढवलंत."

मग मला सगळं उलगडून सांगितलं. सुईवर दोन जोर असतात. खालून फ्लोट तिला मिटवू पाहतो, वरून पंपाचं पेट्रोल तिला उघडू पाहतं. फ्लोटची ताकद ठरलेली, त्याच्या आकाराएवढीच. अशा गाड्यांच्या पंपाचा दाब साधारण तीन-चार पीएसआय असतो. टायरमध्ये आपण अठ्ठावीस भरतो, त्यावरून अंदाज यावा. तेवढा दाब फ्लोट सहज अडवतो. दाब त्याहून फार वाढला तर सुई नवी असो की जुनी, कार्बुरेटर मूळचा असो की कालचा, पेट्रोल तिला ढकलून आत घुसणारच. माझ्या पुतण्याच्या वर्कशॉपमधून दाब मोजायचं लहान घड्याळ आणलं. पंपाला लावलं. काटा सहाच्या पुढे जाऊन थरथरत उभा राहिला.

"पंप खराब आहे का?" मी विचारलं.

"नाही. पंप चांगला आहे. त्याच्या खाली काय आहे ते बघू." चाचांनी पंपाचे दोन नट सोडवले. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये कागदासारखं एक पातळ पॅकिंग होतं. त्यांनी ते बोटात धरून माझ्यापुढे केलं. "इथे जाड बॅकेलाइटची चकती असते. ती इंजिनाची उष्णता पंपाकडे येऊ देत नाही, आणि पंपाला योग्य अंतरावर ठेवते. ती नसेल तर पंप आत सरकतो, दांडी जास्त ढकलली जाते, स्प्रिंग जास्त दाबली जाते, आणि पेट्रोल जास्त जोरानं येतं. बसवणाऱ्यानं जुन्या पंपाबरोबर चकती फेकून दिली, बस्स."

म्हणजे चकतीची जाडी काही मिलिमीटरच. तेवढ्या फरकानं दोन महिने घर अस्वस्थ केलं होतं.

आता ती चकती आणायची कुठून? चाचा म्हणाले, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना माल मिळतो, फोन करून बघतो. बाबा तोवर वर गेले होते. खाली आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. हा डबासुद्धा आमच्या चेष्टेचाच विषय : जुने पॉइंट, कंडेन्सर, वायसर, नट, झिजलेले प्लग. त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक पुडी काढली. आत जुना एसी पंप, आणि त्याच्या तोंडाशी चिकटलेली तपकिरी बॅकेलाइटची चकती.

"गॅरेजच्या कचऱ्यात टाकलं होतं त्यानं. मी उचलून आणलं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला विचारलं होतं मी तेव्हा, हे खालचं राहिलं का रे? तू म्हणालास, नव्याबरोबर नवं आलंय."

मला आठवलं. मी मोबाइलवर बोलत होतो. खरंच तसंच म्हणालो होतो.

चाचांनी चकती पेट्रोलनं पुसली, तडा गेलेला नाही हे उजेडाकडे धरून पाहिलं, दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग लावून पंप बसवला. घड्याळाचा काटा साडेतीनवर आला आणि तिथेच राहिला. मूळचा कार्बुरेटर परत लावला. ऑइलमध्ये पेट्रोल यायला आणखी एक कारण असतं, पंपाचा पडदा फाटणं. तोही त्यांनी तपासला, धड होता. मग ऑइल आणि फिल्टर बदलले, कारण पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चालवायचं नसतं. प्लग साफ केले. पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून पाहिल्या तर एक बोटाला चिकट लागली. "हिला आजचं पेट्रोल सोसत नाही," ते म्हणाले. तेही खरंच. पंपावर आज मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच उसाच्या मळीतून आणि धान्यातून आलेलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला त्याची सवय नाही. ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजून तोच गंज सुईखाली येऊन अडकतो. त्या दिवशी इथेनॉल चालणाऱ्या नळ्या आणि टाकीनंतर एक लहान फिल्टर बसवला.

ज्यांच्या दारात अजून अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी चाचांचा क्रम लिहून ठेवतो. पेट्रोलचा वास आला की सेल्फ मारू नका. आधी बॅटरी सोडा, गाडी मोकळ्यावर घ्या. मग फुकटच्या गोष्टी बघा : चोक पूर्ण परत जातो का, एअर फिल्टर चोंदला आहे का. मग सुईखाली कचरा. मग फ्लोट, गरम पाण्यात बुडवून बघा, भोक असेल तर बुडबुडे येतात. पितळी फ्लोटला भोक सापडलं तर त्याला घरी झाळ देऊ नका. आत पेट्रोल राहिलं असेल तर तो हातात फुटतो, आणि झाळेनं जड झाला तर पातळी पुन्हा वर जाते. त्यापेक्षा नवा घ्या. मग पंपाचा दाब मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदललेली गोष्ट लिहून ठेवा. सगळ्यात आधी मात्र गाडी रोज हाताळणाऱ्या माणसाला विचारा.

हे शेवटचं वाक्य चाचांचं नाही, माझं आहे. तिन्ही गोष्टी बाबांजवळ होत्या. चोक आत ढकलला होता हे त्यांना आठवत होतं, पंप कधी बदलला हे त्यांनी लिहिलं होतं आणि हरवलेली चकती त्यांच्या डब्यात होती. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, म्हणून चोक ढकलल्याचंही आठवत नसणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. जिथे गळती दिसते तिथेच बिघाड असणार, असं वाटून दोन मिस्त्री कार्बुरेटर उघडत बसले. मी काही वेगळं केलं नव्हतं. घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती समोर दिसली, मी तिच्यावर बोट ठेवलं.

संध्याकाळी चहा घेताना बाबा चाचांना धरणाच्या गोष्टी सांगत होते. चाचांनी सुई आणि पंपाचं गणित पुन्हा सांगितलं तेव्हा ते हसले. "आमच्याकडे पण असंच. दारातून पाणी उसळलं की लोक दाराला शिव्या देतात. वरून किती येतंय ते कुणी बघत नाही." पैशाचा विषय निघाला तेव्हा चाचांनी ऑइल आणि नळ्यांचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. म्हणाले, "दोन वर्षांनी फियाटच्या इंजिनाचा आवाज ऐकला. आणखी काय पाहिजे?" त्यांच्यासारखी, नुसत्या आवाजावरून मिश्रण ओळखणारी माणसं आता मोजकीच. त्यांचा मुलगा लॅपटॉप लावून गाड्यांचे दोष वाचतो; चांगलं काम करतो, असं ते अभिमानानं सांगतात. पण फियाटला लॅपटॉप लावायची जागा नाही.

सेक्रेटरींना बोलावून महिनाभर कोरडी राहिलेली फरशी दाखवली. सिलिंडर गाडीजवळच्या खांबाला कायमचा लागला आहे. तळमजल्यावरच्या वहिनी आता जाता-येता खाली वाकून बघतात आणि अंगठा वर करून जातात.

किल्लीचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर शहाऐंशीव्या वर्षी पुण्याच्या रहदारीत बाबांनी गाडी चालवू नये, हे माझं मत आजही कायम आहे, आणि गंमत अशी की ते बाबांचंही मत आहे. फक्त ते कुणी त्यांना विचारलं नव्हतं. त्या रविवारी रात्री मी किल्ली कपाटातून काढून दाराजवळच्या खुंटीवर लावली. काही बोललो नाही; बोलायला शब्द सापडले नाहीत, आणि आमच्या घरात तशी पद्धतही नाही. सकाळी पाहिलं तर किल्लीला नवीन दोरा बांधलेला होता.

पुढच्या रविवारी पोह्यांच्या फोडणीचा वास सुटला तेव्हा बाबा खाली जायला निघाले. मला म्हणाले, "चल, खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊ. तू चालव." मी गाडीत बसलो, चोक ओढला, सेल्फ मारला. फियाट चालू झाली. डावीकडच्या सीटवर बाबा मान किंचित तिरकी करून ऐकत होते. फाटकातून बाहेर पडून मी वळण घेतलं, पुढचा चौक आला, सिग्नल पडला.

"अरे," बाबा म्हणाले, "चोक आत ढकल."